ड्रॅगन पाणी कुठे पितो?

उर्सुला ले ग्विन या माझ्या सगळ्यात आवडत्या लेखिका, आणि तरीही त्यांच्याशी माझं एक भांडण आहे. १९७३ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी म्हटलंय की 'अर्थसी' हे त्यांचं बेटाबेटांचं जग त्यांनी ठरवून बांधलेलं नाही, ते त्यांना सापडत गेलं. कारण त्या इंजिनिअर नाहीत, शोध घेत फिरणाऱ्या आहेत. म्हणजे इंजिनिअर कोण? तर आधी टेबलावर बसून सगळं आखणारा, मग आखल्याप्रमाणे विटा रचणारा, आणि ज्याला मधे काहीही नवीन सापडत नाही असा माणूस! बाईंनी कधी सर्व्हे कॅम्प केला नसावा. भर उन्हात डोक्यावर रुमाल बांधून लेव्हलिंग स्टाफ धरून उभं राहिल्यावर, 'अरे, इथे तर ओढा आहे, शीटवर कुठाय?' असं जो ओरडला असेल, त्याला विचारा शोध म्हणजे काय ते.

असो. विषय इंजिनिअरिंगचा नाही, कादंबरीचा आहे. फँटसी कादंबरी लिहायची तर तिच्यातलं जग कसं उभं करायचं, हा प्रश्न. हसू नका. आपल्या कॉलेजात असलं काहीतरी लिहिणारी निदान चार-पाच डोकी मला माहीत आहेत. सगळी चोरून लिहितात, जर्नलच्या मागच्या पानांवर. मीही त्यातलीच. हा लेख त्यांच्यासाठी. (मी कॉन्व्हेंटवाली आहे, त्यामुळे मराठीत इंग्रजी घुसतं. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

या लोकांत सरळ सरळ दोन पार्ट्या आहेत. पहिली नकाशावाल्यांची. माझी रूममेट या पार्टीची अध्यक्ष. तिच्याकडे एक दोनशे पानी फुलस्केप वही आहे. तिच्यात तीन खंड, अकरा राजघराणी, त्यांच्या वंशावळी, चारशे दिवसांचं वर्ष, दोन चंद्र आणि त्या दोन चंद्रांमुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचा चार्टसुद्धा आहे. लिपीही तयार आहे, मेसच्या बिलावर ती त्याच लिपीत सही करते! नाही ते फक्त पहिलं प्रकरण. विचारलं की म्हणते, "अगं, आधी पाया नको का पक्का? टॉल्किनने काय केलं?"

टॉल्किनने काय केलं ते खरंच बघण्यासारखं आहे. ऑक्सफर्डमधला जुन्या इंग्रजीचा हा प्राध्यापक. त्याने आधी भाषा रचल्या, एक फिनिशच्या धर्तीवर, एक वेल्शच्या. मग त्या भाषा बोलायला लोक हवेत म्हणून लोक, आणि लोकांना इतिहास हवा म्हणून इतिहास. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) लिहिताना त्याने नकाशा आधी काढला आणि गोष्ट त्याच्यात बसवली, हे त्याने स्वतः पत्रात सांगितलंय. चंद्राच्या कला आणि पात्रांनी रोज कापलेलं अंतर जुळतंय की नाही, हेही तो तपासायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग 'जुळवणाऱ्या' आपल्यासारख्यांनी मान खाली घालावी असं काम!

पण रूममेट दुसरी अर्धी गोष्ट सांगत नाही. ब्री गावच्या खाणावळीत कोपऱ्यात तोंड झाकून बसलेला तो माणूस, स्ट्रायडर, जो पुढे राजा होतो... तो कोण आहे हे तिथे पोचेपर्यंत टॉल्किनलाच ठाऊक नव्हतं! पहिल्या खर्ड्यांत तो माणूसही नव्हता, लाकडी बूट घालून टॉकटॉक चालणारा एक हॉबिट होता. एवढा नकाशा, एवढ्या भाषा, एवढा इतिहास, आणि अख्ख्या पुस्तकाचा राजा कुठे सापडला? तर चालता चालता, एका खाणावळीत. आणि ज्या पुस्तकात तो मुळातला इतिहास होता, ते 'सिल्मरिलियन' त्याच्या हयातीत पुरं झालंच नाही. तो १९७३ मध्ये गेला, पुस्तक १९७७ मध्ये त्याच्या मुलाने संपादून छापलं. वही दोनशे पानांची असो नाहीतर टॉल्किनची असो, ती आपणहून संपत नाही.

दुसरी पार्टी 'पुढचं पुढे बघू' वाल्यांची. यांचं दैवत जॉर्ज मार्टिन. लेखक दोन प्रकारचे, आर्किटेक्ट आणि माळी, आणि आपण माळी, असं तो सांगतो. बी पेरायचं, पाणी घालायचं, काय उगवतंय ते बघायचं. ऐकायला झकास वाटतं. पण 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ ला आलं, पाचवं पुस्तक २०११ ला, आणि सहाव्याची वाट बघता बघता तेव्हाचे कॉलेजकुमार बाप झाले. बाग फार माजली की माळ्यालाच वाट सापडत नाही, असं माझं आपलं मत.

मग करायचं काय? इथे मला सेकंड इयरचं सर्व्हेइंगचं पुस्तक आठवतं. त्यातलं पहिलं तत्त्व सगळ्यांना पाठ आहे, व्हायव्हात हमखास विचारतात: वर्किंग फ्रॉम होल टू पार्ट. आधी पूर्ण, मग भाग. रूममेट कॉम्प्युटरची असूनही हे वाक्य माझ्याच तोंडावर फेकते, "बघ, तुमच्यातही आधी पूर्ण जग!" पण 'पूर्ण' म्हणजे सगळं नव्हे हो! पूर्ण म्हणजे थोडेसेच कंट्रोल पॉइंट, पण जिवापाड काळजीने ठरवलेले. १८०२ मध्ये लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची एक बेसलाइन मोजली. तिच्यावर एक त्रिकोण, त्याच्यावर दुसरा, असं करत ती साखळी एव्हरेस्टच्या काळात, १८४१ पर्यंत, हिमालयाच्या पायथ्याला जाऊन भिडली. त्या त्रिकोणांच्या आत कुठे विहीर आहे, कुठे देऊळ, हे नंतर, ज्याला जिथे गरज पडली तिथे. आधी सगळ्या विहिरी मोजायला घेतल्या असत्या तर लॅम्ब्टन मद्रासलाच राहिला असता.

कादंबरीचंही तेच. चारच खुंट्या ठोका, पण खोल ठोका. बाकीचं जग तुमचं पात्र जिथून जाईल तिथल्यापुरतं भरा. ले ग्विन बाईंनी तरी दुसरं काय केलं? १९६४ मध्ये अर्थसीवर दोन लहान कथा प्रसिद्ध केल्या, मग मोठं पुस्तक (१९६८) लिहिण्याआधी बेटांचा नकाशा काढला, आणि तिथल्या जादूची खुंटी एकच ठोकली: वस्तूचं खरं नाव ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. बाकी कुठल्या बेटावर काय आहे ते होडी तिथे लागल्यावर. याला आम्ही रेकी आणि कंट्रोल म्हणतो. बाई इंजिनिअरच होत्या, त्यांना कुणी सांगितलं नाही एवढंच.

आता माझ्या खुंट्या. तुमच्या वेगळ्या असू शकतात.

पहिली खुंटी पाणी. फँटसीचे नकाशे बघा, नद्या झाडाच्या फांद्यांसारख्या समुद्राकडे फुटत जातात. खऱ्या नद्या एकमेकींना मिळतात, फुटतात त्या फक्त मुखाशी. आणि नदी जवळच्या समुद्राकडेच जाते असंही नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, तिथून अरबी समुद्र उताराने धावत गेलं तर हाकेच्या अंतरावर, पण ती पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला जाते! असं कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर 'अनरिअलिस्टिक' म्हणाले असते. आणि पाऊस? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. खाली वाईला हजाराच्या आत. आणखी पूर्वेला माण तालुक्यात, माझं आजोळ आहे तिथे, पाचशेच्या आसपास. एकाच सातारा जिल्ह्यात. एका बाजूला लोक घराला गवताच्या झडपा बांधून बसलेत आणि दुसऱ्या बाजूला टँकरची वाट बघतायत. एवढा फरक असला की माणसांचे स्वभाव, लग्नं कुठे जुळवायची, कुणाच्या घरी पाहुण्याला आधी काय विचारतात, सगळं बदलतं. मला सांगा, याच्यापुढे दोन चंद्र काय आहेत?

म्हणून फँटसी वाचताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: ड्रॅगन पाणी कुठे पितो? माणशी दिवसाला १३५ लिटर धरायचं हे आमच्या वॉटर सप्लायच्या पेपरात ठरलेलं असतं. ड्रॅगनचं काय धरायचं? तो गावच्या तळ्यावर उतरत असेल तर ते तळं कुणाचं? ड्रॅगन पिऊन गेल्यावर गुरांना काय उरतं? उन्हाळ्यात गावकरी त्याला नैवेद्य दाखवतात की विष घालतात? एवढ्या प्रश्नांची उत्तरं दिलीत ना, तर अर्धी कादंबरी तिथेच झाली, आणि तलवार अजून म्यानात आहे.

दुसरी खुंटी जेवण. डायना विन जोन्स या इंग्रज बाईंनी १९९६ मध्ये फँटसीच्या देशाचं एक खोटं टुरिस्ट गाइड लिहून सगळ्यांची भरपूर टर उडवलीये. त्यात त्या म्हणतात की या देशात जो तो 'स्ट्यू' खातो. आता स्ट्यू शिजायला काही तास लागतात. शत्रू मागे लागलेला, अंधार पडलेला, आणि ही मंडळी रानात हाडं उकळत बसलीत! आपल्या आज्यांना हे विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. रानात पिठलं करतात. डाळीचं पीठ, मिरची, मीठ, पाणी, दहा मिनिटं. आणि लांबचा प्रवास असेल तर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि कोरडी चटणी, दोन-तीन दिवस बघायला नको. दशमी म्हणजे प्रवासासाठीच केलेलं डिझाइन आहे. टॉल्किनच्या एल्फ लोकांची ती लेंबास नावाची भाकरी जगभर वर्ल्ड फेमस झाली. दशमीला कुणी विचारत नाही...

तिसरी खुंटी बदललेला नियम. जादू. इथे मी पक्की इंजिनिअर आहे. एकच नियम बदला, आणि मग तो बदल स्वयंपाकघरापर्यंत नेऊन सोडा. रोलिंग बाईंच्या जादूने जवळपास काहीही होतं, पण सातव्या पुस्तकात (२००७) पोरं तंबूत उपाशी बसली तेव्हा नियम निघाला की जादूने शून्यातून अन्न करता येत नाही. तो नियम आला आणि तंबूतली भांडणं एकदम खरी वाटायला लागली. जादूने काय जमत नाही, तिथून गोष्ट सुरू होते.

माझ्या कादंबरीतला नियम सांगते. (कुणी ढापू नये!) काही माणसांना पाऊस बोलावता येतो. पण बोलावलेला पाऊस शून्यातून येत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. हायड्रॉलॉजीतलं साधं समीकरण: आत आलेलं वजा बाहेर गेलेलं म्हणजे साठ्यातला फरक. बस्स. जादू एवढीच. आता याचं बोट धरून चालत जा. वरच्या गावाने पाऊस बोलावला की खालच्या गावात चोरी झाली. मग चोरी मोजायला हवी, म्हणजे मोजणारा आला, त्याची वही आली, वहीत खाडाखोड आली. बोलावणारीला लग्नात कुठल्या गावाला द्यायची यावर दोन गावांत मारामारी. दुष्काळात तिच्या दारात रांग आणि पूर आला की तिच्याच दारावर दगड. मुलांच्या शिव्या बदलणार, म्हणी बदलणार. यातलं मी 'रचलं' काहीच नाही, समीकरण सोडवत गेले.

आणि ते सोडवताना एक गोष्ट टाळता येत नाही, तीच खरं तर मला या लेखात सांगायचीये. पाणी कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे कल्पनेतला नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन सत्याग्रह करावा लागला. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव कागदावर आधीच झालेला होता, तरीसुद्धा. मग मी 'जुन्या काळासारखं' एक गाव रंगवते, त्यात वेस, वाडा, पार, पाणवठा सगळं छान छान घालते, आणि त्या पाणवठ्यावर कोण येऊ शकत नाही हे लिहीतच नाही, तर मी फँटसी लिहीत नाहीये, पोस्टर रंगवतेय. आपल्याकडची बरीच 'भव्य' फँटसी मला याच कारणाने खोटी वाटते. किल्ले घेतात, घोडे घेतात, भवानी तलवारीसारखी एखादी तलवार घेतात, पण किल्ल्यावर पाणी कोण वाहून नेत होतं ते घेत नाहीत. एका सिनियरचं म्हणणं असं की, "अगं, फँटसी आहे ना, मग तिथे तरी हे सगळं नको." बरोबर आहे, नसूच दे. पण मग ते नसण्याचं कारण त्या जगात असू दे. तिथे पाण्यावरून माणसं वेगळी काढत नाहीत, तर का नाहीत? काय झालं होतं? तो इतिहास लिहिण्याइतका मोलाचा आहे. अकरा राजघराण्यांपेक्षा नक्कीच.

चौथी खुंटी भाषा, आणि इथे माझी खरी कुस्ती आहे. माझं लहानपण एनिड ब्लायटनवर गेलं. मी दहा वर्षांची असताना जिंजर बिअर म्हणजे काय ते न पिताच मला ठाऊक होतं, नाचणीची आंबील मात्र कॉलेजात आल्यावर कळली. याचं मला वाईट वाटत नाही. डोक्यात दोन घरं आहेत, दोन्ही माझीच. पण कादंबरीचं पहिलं वाक्य कुठल्या घरात बसून लिहायचं हे ठरवावं लागतं. इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप ओकच्या झाडांकडे आणि टॅव्हर्नकडे जातो. मराठीत लिहायला बसलं तर काही लोकांना वाटतं की नावं संस्कृत केली की झालं. 'वज्रकेतू'ने 'अग्निखड्ग' उपसलं. आत तोच टॅव्हर्न, तोच स्ट्यू! ले ग्विन बाईंनी त्याच १९७३ साली दुसऱ्या एका निबंधात मस्त परीक्षा दिलीये. कुठल्याशा फँटसीतला एक संवाद घेतला, चार शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांचा संवाद झाला. असं करता आलं म्हणजे ते जग भाषेत उतरलेलंच नाही. तुमच्या वज्रकेतूचा संवाद घ्या, नाव बदला. स्टुडंट कौन्सिलच्या मीटिंगमध्ये खपतोय? मग परत लिहा.

मराठीत फँटसी शोभत नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातच अद्भुतरम्य गोष्टी लिहिल्या गेल्यात, हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आहे. आणि शब्द? पावसाचेच घ्या. वळीव, झड, रिपरिप, भुरभुर, संततधार, उघडीप. इंग्रजीत माझ्याकडे रेन आणि ड्रिझल. पण याहून भारी गोष्ट आजीने दाखवली. सूर्य दर तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतो आणि पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, कोल्हा, उंदीर... बेडूक किंवा म्हैस असली की पाऊस चांगला. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. आजी दारात उभी राहून आभाळाकडे बघत म्हणते, "औंदा म्हशीवर बसून आलाय, पडंल." म्हशीवर बसून येणारा पाऊस! एवढं वर्ल्डबिल्डिंग फुकटात, दर वर्षी नवं, कालनिर्णयच्या भिंतीवर टांगलेलं, आणि आम्ही ड्रॅगनचं स्पेलिंग शोधतोय. त्याचा हवामानशास्त्राशी संबंध आहे का? काही नाही. पण एक अख्खा माणूस-समाज आभाळाकडे कसा बघतो ते त्यात आहे, आणि कादंबरीला तेच लागतं.

रूममेटने हा लेख वाचला. म्हणाली, "म्हणजे माझी वही वाया?" नाही गं. तिला फक्त विचारलं की तुझ्या मधल्या खंडाला समुद्रच नाही, मग तिथली माणसं मीठ कुठून आणतात? रात्री दीड वाजेपर्यंत ती मिठाच्या बैलांचे तांडे, त्यांचे मुक्काम आणि त्यांना लुटणारे लोक लिहीत बसली होती. त्यातल्या एका तांड्याबरोबर एक पोरगी पळून चाललीये म्हणे. तिचं नाव अजून ठरलेलं नाही, पण वंशावळीत ती कुठेच नाही!

माझं सहावं प्रकरण चालू आहे. वरच्या गावातल्या मोजणीदाराच्या ओसरीवर खालच्या गावची एक बाई रिकामी घागर घेऊन येऊन बसलीये. काही बोलत नाही. वहीत तिच्या गावापुढे काय लिहायचं हे त्याला सुचत नाहीये, आणि पंधरा दिवस झाले, मलाही. मधे इंटर्नल्स आहेत. ती बाई बसून आहे.